बोअरची गाडी येण्याआधी

अगं, प्लॉटचं खरेदीखत झालं, आता अक्षय तृतीयेला कुदळ मारायची आणि त्याच आठवड्यात बोअरही उरकून टाकायचा, असं तू सांगितलंस तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रिठदसारख्या गावात स्वतःची जागा, आणि कागदावर नवऱ्याच्या नावाबरोबर तुझंही नाव, हे काही थोडं नाही. पण मामाजी समोर बसलेले असताना तुला फोनवर मोकळं बोलता येत नव्हतं, हे आवाजावरून कळलं. म्हणून निवांत लिहिते आहे. माझी एवढी वर्षं मातीपरीक्षणाच्या कामात गेली, ती सख्ख्या बहिणीच्या घराच्या उपयोगी पडायला नकोत का?

तुझ्या मनात प्रश्न एकच आहे, पाणी लागेल का. माझ्या मनात दोन आहेत. पाणी कोणत्या थरात आणि किती टिकेल, हा पहिला. घर कशावर उभं राहील, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं त्याच जमिनीत आहेत. ती मिळवायला जमिनीला छिद्र पाडावं लागतं आणि त्यातून जे वर येतं ते कोणीतरी उभं राहून बघावं लागतं. आपल्याकडे घरातलं सोनं गहाण ठेवून बोअर मारतात, दीड-दोनशे फूट जमीन उघडी होते, आणि एवढ्या खर्चातून घरात माहिती किती उरते? ‘पाणी लागलं’ किंवा ‘कोरडा गेला’. बाकी सगळा चुरा त्याच संध्याकाळी टोपल्यांनी उचलून खड्ड्यात जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं गं. तुझ्या बोअरचं असं होऊ देऊ नकोस.

आधी खाली काय आहे ते सांगते.

सगळं वाशीमचं पठार दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेलं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर आला, पसरला, थंड झाला, मग मध्ये काही काळ गेला आणि पुन्हा नवा लाव्हा त्याच्यावर पसरला. असे एकावर एक थर साचले. किती जाड? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी खोल छिद्र घेतलं, तेव्हा हा खडक ३३८ मीटर निघाला आणि त्याच्या खाली फार जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. कोयनेच्या बाजूला तर बेसाल्टच ९३० मीटरच्या पुढे भरला. हे तुला अशासाठी सांगते की ‘अजून पन्नास फूट जाऊ द्या, खाली गंगा आहे’ असं गाडीवाल्याने म्हटलं तर तू भुलू नयेस. आपल्या खडकाखाली वाहती गंगा नाही. पाणी आहे ते खडकाच्या भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या भागात. खोल गेलं की पाणी वाढतंच असं अजिबात नाही. उलट वरच्या खडकाचं वजन येऊन खालच्या भेगा बहुधा आवळलेल्या असतात.

लाव्ह्याच्या एका थराची रचना समजली की अर्धं काम झालं. थराचा वरचा भाग थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहतात. त्यामुळे तो खडक अनारशासारखा जाळीदार होतो. पुढे त्या जाळीत पांढरी, गुलाबीसर, कधी हिरवट खनिजं भरतात. याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या झिजला, त्याला भेगा पडल्या की तो पाणी धरतो. थराचा मधला भाग घट्ट, काळा, वाजणारा पाषाण. त्याला उभे-आडवे सांधे असतील तर पाणी, नसतील तर कोरडा ठणठणीत. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल मातीचा पट्टा लागतो, तो गेरू. लाव्हा थंड होऊन पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात खडक कुजला, वरून नव्या लाव्ह्याने त्याला भाजलं, त्यातून तो झाला. पण गेरू बोअरला त्रास देतो. भिजला की फुगतो, सुटतो आणि छिद्रात ढासळतो. तुझ्या बोअरमध्ये गेरू कोणत्या खोलीवर आहे हे माहीत असलं तर केसिंग किती घालायचं ते नीट ठरवता येतं. नाहीतर दोन पावसाळ्यांत मोटार खाली अडकते आणि ‘बोअर बसला’ म्हणून नवा मारावा लागतो.

या सगळ्याच्या वर आपली काळी माती. नदी-नाल्याकडे ती खोल असते, टेकाडाकडे वीतभर माती आणि लगेच मुरूम. मधूनमधून चुनखडीचे खडे. प्लॉट गावाच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर हे सगळं ठरतं, म्हणून शेजारच्या घराला पाच फुटांवर मुरूम लागला म्हणून तुलाही लागेल असं धरून चालू नकोस.

आता गाडी बोलावण्याच्या आधीची एक गोष्ट, तिला एक पैसा लागत नाही. जवळपासच्या जुन्या विहिरी बघून ये. बांधलेल्या भागाच्या खाली विहिरीचा उघडा कातळ दिसतो, त्यात वरून खाली माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण सगळं ओळीने मांडलेलं असतं. आरशाने ऊन आत पाड, म्हणजे स्पष्ट दिसेल. ओल कोणत्या पट्ट्यातून झिरपते ते बघ. मे महिन्यात विहिरीचं पाणी किती परस राहतं, कोणत्या साली तळ दिसला, हे म्हाताऱ्या माणसांना विचार. बायकांना आधी विचार. उन्हाळ्यात दोर किती लांब करावा लागला हे त्यांच्या हातांना आठवतं. आपल्याकडच्या विहिरी तीस-पन्नास फुटांच्या का ठेवल्या, तर पाणी धरणारा झिजलेला भाग बहुतेक तेवढ्यातच असतो हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळलेलं होतं.

सासूबाई पाणाड्याला बोलावणार म्हणाल्या. बोलावू दे. त्याच्यावरून घरात भांडण काढू नकोस, नारळाचे पैसे बोअरच्या खर्चापुढे काहीच नाहीत. पण त्याच्या जोडीने वाशीमला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन भूवैज्ञानिकांना भेट. सरकारची ही यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. निरीक्षणासाठी ठरवलेल्या विहिरींची पाणीपातळी त्यांची माणसं वर्षातून ठरलेल्या वेळी मोजतात, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या शेवटी तर हमखास. तुझ्या भागातल्या विहिरीची नोंद बघायला माग. यंत्र लावून, जमिनीत वीज सोडून परीक्षा करतात, ती चांगली, पण तिच्यातही एक खोच आहे. वीज ओल्या खडकातून सहज जाते तशी ओल्या चिकण मातीतूनही जाते. काळी माती खोल असेल तर यंत्राचा आकडा पाण्यासारखा दिसतो. म्हणून यंत्राचा अंदाज आणि शेजारच्या विहिरीचा कातळ, दोन्ही जुळतात का ते बघायचं.

मग गाडी. या गाड्या देशभर फिरतात, कितीतरी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या असतात, पोरं रात्रंदिवस राबतात. त्यांच्याशी गोडीने बोल, पाणी-चहा दे, आणि आधीच सांगून ठेव की मला वहीत लिहायचं आहे, दर रॉडला क्षणभर थांबा. फुटाचा दर, केसिंगचा वेगळा दर, अमुक फुटांच्या पुढे दर वाढतो का, हे सगळं आदल्या दिवशी कागदावर घे. रॉडची लांबी फितीने स्वतः मोज. आत किती रॉड गेले त्यावर खोली कळते, म्हणून हा हिशोब तुझ्या हातात असला पाहिजे. तोंडावर ओला रुमाल बांध. कोरड्या खडकाची धूळ बारीक असते, छातीत जाते. मुलांना घरी ठेव.

चुरा कसा बघायचा ते सांगते. गाडीच्या दाबाच्या हवेने खालचा चुरा वर फेकला जातो. दर दहा फुटांना एक मूठ घे, चाळणीत धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांड आणि प्रत्येकाखाली खोली लिही. सुरुवातीला काळा-तपकिरी चिखल किंवा ढेकळं. मग पिवळट, भुरका मुरूम. त्यानंतर पांढरे ठिपके असलेले करडे-जांभळट खडे आले की मांजऱ्या. गडद काळी बारीक धूळ, गाडीचा आवाज बदललेला आणि वेग मंदावलेला, म्हणजे पाषाण. लाल धूळ किंवा लाल गाळ म्हणजे गेरू. खड्यांना तपकिरी गंज चढलेला दिसला तर नीट लक्ष दे, तिथून कधीतरी पाणी फिरलेलं आहे. धूळ अचानक ओली झाली, गोळे पडायला लागले, की ती खोली ठळक लिही. पहिलं पाणी कुठे लागलं, दुसरं कुठे, आणि कोणत्या रॉडला हातोडा एकदम खाली घसरला, तेही. घसरला म्हणजे भेग किंवा पोकळ भाग. वेळही लिही: वीस फूट जायला किती मिनिटं लागली यावरून खडकाची घट्टी कळते. मोबाईलने फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून.

ही वही किती मोलाची असते, त्याची गोष्ट आपल्या शेजारीच आहे. लोणार. शाळेच्या सहलीला आपण सगळ्याच गेलो. ते विवर ज्वालामुखीचं की आकाशातून काही आदळून झालेलं, यावर कित्येक वर्षं वाद होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रं घेतली. वर तळ्याचा गाळ लागला, जवळजवळ शंभर मीटर जाड, आणि त्याखाली चुरडलेला, भेगाळलेला बेसाल्ट. त्या तुकड्यांत प्रचंड धक्क्याशिवाय होत नाहीत असे बदल सापडले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर हजारो लोक रोज डोळ्यांनी बघत होते, पण निकाल लागला तो खालून काढलेल्या, खोलीवार मांडलेल्या तुकड्यांवर. तुझ्या प्लॉटचंही तसंच आहे बघ. वरून सपाट काळी जमीन दिसते, एवढंच.

आता पाणी लागलं असं धरू. कारंजं उडालं की सगळे टाळ्या वाजवतात, गुलाल टाकतात, ‘तीन इंची पाणी’ म्हणतात. आनंद कर, पण त्या आकड्यावर मोटार आणू नकोस. त्या वेळचं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने वर ढकललेलं असतं, भेगांत साठलेला जुना साठाही त्यातच येतो. बोअर एक रात्र शांत राहू दे. दुसऱ्या दिवशी दोरीला वजन बांधून पाणी जमिनीपासून किती खाली स्थिरावलं ते मोज. आम्ही इमारतीसाठी छिद्र घेतो तेव्हाही पातळी चोवीस तासांनी मोजतो, कारण छिद्र पाडतानाची गडबड निवल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही. मग मोटार लावून सलग काही तास उपसा कर, वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते सुरुवातीला आणि शेवटी मोज. दहा सेकंदांत भरली तर तासाला सात हजार दोनशे लिटर. शेवटी वीस सेकंद लागायला लागले तर निम्मं. उपसा बंद केल्यावर पातळी पुन्हा वर यायला किती वेळ लागतो, ते सगळ्यात महत्त्वाचं. पटकन आली तर भेगा दूरवर जोडलेल्या आहेत. रात्रभरात अर्धीच आली तर तुझा बोअर म्हणजे लहानसा साठा आहे, त्याला तसंच जपावं लागेल. मोटार त्या येणाऱ्या पाण्याच्या हिशोबाने घे. मोठी मोटार लावली तर बोअर लवकर रिकामा होईल, मोटार कोरडी फिरून जळेल, आणि पाण्यात एका थेंबाची भर पडणार नाही.

तू शेतातल्या पाण्याचंही विचारलं होतंस, म्हणून एक हिशोब मांडून दाखवते, हा तुझ्या नवऱ्यालाही दाखव. आपल्या झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टमध्ये उपसता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या सुमारे दोन टक्के धरतात. म्हणजे शंभर घनफूट खडकात दोन घनफूट. एक एकर जागा, त्याखाली दहा मीटर जाडीचा थर पाण्याने पूर्ण भरलेला, तर त्यातून मिळतील साधारण आठ लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं! पण हरभऱ्याला एक एकरावर दोन इंच पाणी दिलं की दोन लाख लिटर लागतात. चार पाण्यांत तिजोरी रिकामी. आणि ती तिजोरी तुमच्या एकट्याची नाही, खालची भेग बांध ओळखत नाही. शेजाऱ्याचा बोअर सुरू झाला की तुमची पातळी उतरणार, तुमचा सुरू झाला की त्याची. म्हणून तुषार सिंचन ही चैन नाही, आणि पाऊस आठशे मिलीमीटरच्या आसपास पडतो तो शेतात आणि अंगणात मुरवणं, हे तर नवीन बोअरच्या आधीचं काम. हजार चौरस फुटांचं छत असलं तर वर्षाला साठ हजार लिटरच्या घरात पाणी उतरतं. घराचं बांधकाम काढतेस तर पन्हाळीचा पाइप आतापासून आराखड्यात घे. मात्र अंगणातलं, गोठ्याकडचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडायचं नाही. छताचं, तेही पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर, वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून.

आता माझा जीव ज्याच्यात अडकला आहे ते सांगते. घराचा पाया.

गवंडी म्हणाला ना, ‘चार फूट खोदू, दगड भरू, कॉलम टाकू, आजवर अशीच बांधली’? त्याच्या हातात कसब आहे, त्याचा मान ठेव. पण काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगात भिजली की फुगून त्या मिटतात. ही हालचाल दर वर्षी. वरच्या काही फुटांत सगळ्यात जास्त, खाली जाऊ तशी कमी. खोल काळ्या मातीत ती साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे बारा फुटांच्या जवळपास पोहोचते, असं आपल्याकडच्या अभ्यासातून ठरलेलं आहे. पाया या हलत्या भागात बसला की भिंती दर पावसाळ्यात उचलल्या जातात आणि दर उन्हाळ्यात खचतात. घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा गेलेल्या तू पाहिल्या असशील, दारं पावसाळ्यात अडकतात, फरशी मधोमध फुगते. त्याला वास्तुदोष म्हणतात लोक. मातीचा गुण आहे तो.

तुझी माती किती फुगते ते आमच्या प्रयोगशाळेत अगदी साध्या परीक्षेने कळतं. माती वाळवून, बारीक चाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. एक पाण्याच्या मापट्यात टाकायचा, दुसरा रॉकेलच्या. चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली रॉकेलपेक्षा किती टक्के जास्त भरली, तो आकडा. पन्नासच्या वर गेला तर साधा पाया नको, असं मी डोळे मिटून सांगेन. काळ्या मातीत शंभरच्या वर गेलेले आकडेही आम्हाला नवे नाहीत.

घर दोन मजली करायचं मनात असेल तर जागेची रीतसर तपासणीच करून घे. त्यात पाण्याच्या बोअरसारखी धडाधड हवा मारत नाहीत. हळूहळू छिद्र घेतात, ठरावीक खोलीवर मातीत नळी ठोकतात. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटीमीटरवरून पडू देतात आणि नळीचा शेवटचा तीस सेंटीमीटर भाग आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. भिजलेल्या मऊ मातीत चार-पाच ठोक्यांतही जाते, पक्क्या मुरमात पन्नास मारले तरी जात नाही. खडक लागला की त्याचा दंडगोल कापून काढतात, लाकडी पेटीत खोलीवार मांडतात, आणि दहा सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडे किती मिळाले त्यावर खडकाची प्रत ठरवतात. अहवालात पाणी किती खोलीवर होतं आणि कोणत्या महिन्यात मोजलं हेही असतं. महिना आवर्जून बघ. मे महिन्यात तपासणी झाली आणि ‘पाणी आढळले नाही’ असं लिहिलं, तर ऑगस्टमध्ये पायाचा खड्डा तुडुंब भरलेला बघून घाबरू नकोस आणि अहवालही खोटा समजू नकोस.

खर्च फार वाटत असेल तर निदान प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घे, जेसीबीने बारा फूट. आत उतरायचं नाही कोणी, काळ्या मातीची उभी भिंत कधीही ढासळते. वरूनच फीत सोडून मोज. मुरूम सहा-सात फुटांत लागला तर सरळ मुरमावर पाया ने, प्रश्नच मिटला. काळी माती बारा फुटांतही संपली नाही, तर अभियंत्याला फुगीर पायांच्या खांबांबद्दल विचार. खाली कंदासारखा फुगवटा काढलेले हे काँक्रीटचे खांब रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केले. फुगवटा खांबाच्या अडीच पट रुंद असतो आणि न हलणाऱ्या थरात अडकून बसतो, त्यामुळे माती फुगली तरी घर उचललं जात नाही. लहान घराला ते फार अवघड काम नाही. दुसरा उपाय म्हणजे फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून दाबायचा. न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा पुरेसा जाड थर फुगणाऱ्या मातीला आवरून धरतो, हे मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. कट्टी यांनी प्रयोगांनी दाखवलं. कालव्यांसाठी ते वापरलं गेलं. पण वाळू भरू नकोस, गवंडी म्हणाला तरी. वाळूतून पाणी थेट काळ्या मातीपर्यंत पोहोचतं.

आणि बोअरची जागा घराच्या भिंतीला चिकटून नको. त्याभोवती सतत पाणी सांडतं, ओल पायाशी जाते. घराच्या सभोवती तीन-चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन कर. संडासाचा शोषखड्डा बोअरपासून जितका दूर नेता येईल तितका ने, आणि जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगाला. भेगाळ खडकात घाण पाणी गाळलं जात नाही, थेट वाहत येतं.

तोच धागा धरून पाण्याच्या तपासणीचं. स्वच्छ दिसलं, गोड लागलं, तरी तपासायचं. उथळ विहिरीत खताचं आणि शेणाचं नायट्रेट उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, तान्ह्या बाळांना त्याचा फार धोका. खोल बोअरमध्ये फ्लोराईडची तपासणी महत्त्वाची, ते दीड मिलिग्रॅमच्या वर नकोच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणीची पेटी वापरायला शिकवायची सोय आहे. ग्रामपंचायतीत विचार त्या कोण आहेत. त्यात तुझं नाव घालता आलं तर घाल. खारेपणाची चिंता मात्र फार नको. तो शाप घाटाखाली, अकोला-अमरावती-बुलडाण्याकडच्या पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात आहे. आपण पठारावर, खडकावर आहोत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा. साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या जवळपास खोल गेलेल्या विहिरीला तो खोल विहीर धरतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या विहिरीजवळ बोअर घ्यायचा तर आधी परवानगी लागते. म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज दे, पोच घे. आणि दोनशे फुटांत नाही लागलं तर तिथे थांब. मामाजी ‘एवढे पैसे घातले, अजून शंभर जाऊ द्या’ म्हणतील. वही त्यांच्यापुढे ठेव. शेवटचे साठ-सत्तर फूट सलग काळी कोरडी धूळ असेल, मध्ये गंजाचा एक खडा नसेल, तर पुढच्या शंभर फुटांचे पैसे वाचवून दुसरी जागा बघणं शहाणपणाचं. मांजऱ्यात ओल दिसली पण पाणी कमी, तर भूजल यंत्रणेकडे जलभंजनाची चौकशी कर. दाबाने पाणी सोडून बारीक भेगा मोकळ्या करतात.

बोअर कोरडा गेलाच, तर तो उघडा राहिलेला मला चालणार नाही. तसली उघडी तोंडं लहान लेकरांचे जीव घेतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सूचना दिल्या: सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायचा. गाडी हलायच्या आधी केसिंगवर लोखंडी झाकण बसवून घे, वेल्डिंग करून. पोतं बांधून त्यावर दगड ठेवणं म्हणजे झाकण नव्हे. भराई दुसऱ्या दिवशी उजाडताच. वहीतली पानं मात्र टाकू नकोस, ती पायासाठी लागणारच आहेत. काळी माती किती फुटांवर संपली, मुरूम किती जाड, खडक कुठून सुरू, हे कोरड्या बोअरमध्येही तितकंच खरं.

म्हणून आता असं कर. कुदळ मुहूर्तावर मारा, पूजा करा, पण पायाचं खोदकाम बोअरनंतर दोन-तीन दिवसांनी धरायला सांग. बोअर झाला की वहीच्या पानांचे फोटो आणि वर्तमानपत्रावर मांडलेल्या चुऱ्याचे फोटो मला त्याच रात्री पाठव. वरच्या बारा फुटांतली माती किलोभर, तीन वेगवेगळ्या खोलीवरची, वेगळ्या पिशव्यांत बांधून, आत चिठ्ठी टाकून, बसने येणाऱ्या कोणाहीजवळ दे. कॉलमच्या खड्ड्यांची खोली गवंड्याला मग सांगू. तोवर सळई आणून ठेवलीत तर ताडपत्रीखाली ठेवा, आणि सिमेंट अजून मागवू नका.